हरभऱ्याची खोल मुळे आणि खाचरातली ओल



भात कापून झाले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील बरीच खाचरे पुढच्या पावसापर्यंत तशीच पडून राहतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले, "साहेब, पाणी कुठाय?" खरे आहे. बारवी धरण उशाला असले तरी त्याचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जाते. नदीकाठची किंवा विहिरीची जमीन सोडली, तर बाकीच्यांना दुसरे पीक जमिनीच्या अंगओलाव्यावरच काढावे लागते. वाल आपण असाच घेतो. तो सोडा असे मी म्हणत नाही. पण काही खाचरांत हरभरा करायचा असेल, तर त्याच्या बियाण्यात अलीकडे जे काम झाले आहे ते समजून घेण्यासारखे आहे.

भात निघाल्यावर जमिनीचा वरचा थर लवकर सुकतो, भेगा पडतात. खाली मात्र ओल टिकून असते. ज्या झाडाचे मूळ तिथवर पोचते ते झाड तरते. ज्याचे मूळ वरच घोटाळते ते ऐन घाटे भरताना माना टाकते. म्हणजे पाणी कमी असताना पिकाची सारी भिस्त मुळावर असते.

आता मूळ खोल जाणे हा काही योगायोग नव्हे. बापाचा बांधा पोरात उतरतो, तसा हा गुण बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतो. असे गुण वाहून नेणारा जो सूक्ष्म भाग प्रत्येक पेशीत असतो त्याला जनुक म्हणतात. हरभऱ्यात अशी सुमारे २८ हजार जनुके आहेत. त्यांचा आराखडा शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यांत दुष्काळाला तोंड देणारी नेमकी कोणती, हा प्रश्न होता.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्याकडे आयसीसी ४९५८ नावाचा, भरघोस मुळांचा हरभरा होता. त्याचा संकर कमी मुळांच्या हरभऱ्याशी केला. पुढे त्यातून शेकडो वेगवेगळी कुळे तयार केली. मातीने भरलेल्या उंच नळकांड्यांत ती वाढवली, मुळे धुऊन मोजली, वजन केले. शेतातही पाण्याविना त्यांचे उत्पन्न पाहिले. मग सरस झाडांत कोणता भाग सारखा आढळतो ते तपासले. तेव्हा चौथ्या गुणसूत्रावरील एक लहानसा पट्टा सापडला. दुष्काळाशी संबंधित काही गुणांत झाडाझाडांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून अधिक फरक या एकाच पट्ट्यामुळे पडतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ध्यानात ठेवा, हे एकच जनुक नव्हे. जनुकांचा तो जणू एक घोसच आहे.

याचा आपल्याला उपयोग काय? पूर्वी चांगले मूळ निवडायचे तर झाड उपटूनच पाहावे लागे. आता रोपाचे कोवळे पान तपासले की पट्टा आला की नाही ते कळते. दिल्लीच्या पुसा संस्थेने अशाच निवडीने तो पट्टा आपल्या 'पुसा ३७२' या वाणात आणला आणि 'पुसा १०२१६' हा वाण तयार केला. महाराष्ट्र धरून मध्य भारतासाठी त्याची शिफारस २०१९ साली झाली. ओल कमी असतानाही त्याने मूळ वाणापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त उत्पन्न दिले. एकरी सरासरी पावणेसहा क्विंटल म्हणा. पीक सुमारे ११० दिवसांत तयार होते. यात परक्या जीवाचे काही घातलेले नाही. हरभऱ्याचा हरभऱ्याशीच संकर आहे. सरळ वाण असल्याने घरचे बी दोन-तीन वर्षे राखता येते.

पण मंडळी, मूळ खाली गेले आणि तिथे ओलच नसली तर जनुक तरी काय करणार? म्हणून पुढील गोष्टी पाळा.

पहिली, हरभरा घ्यायच्या खाचरात कर्जत-३ सारखे हळवे भात लावा. गरवे भात निघेपर्यंत ओल उडून जाते.

दुसरी, कापणी होताच भारे खाचरातून हलवा. वाफसा असताना एकच हलकी नांगरट करून लगेच फळी फिरवा. ढेकळे उघडी राहिली की ओल गेलीच समजा.

तिसरी, बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. त्यानंतर रायझोबियम लावा आणि बी सावलीत सुकवा. दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवून ओलीत पेरा. एकरी ३० किलो बी पुरते.

चौथी, तण लवकर काढा. तेही तीच ओल पिते.

पाचवी, फुलोऱ्यात १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया मिसळून फवारा. १०-१५ दिवसांनी पुन्हा एकदा. कुठून एखादे पाणी मिळालेच, तर फुले लागताना हलके द्या. पाणी तुंबू देऊ नका.

आणि एक. नवा वाण एकदम साऱ्या शेतात घालू नका. पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांत लावा, शेजारी नेहमीचा हरभरा लावा. महिना-सव्वा महिन्याने दोन्हींतली दोन-दोन रोपे कुदळीने खणून काढा, मुळे धुवा आणि शेजारी शेजारी ठेवा. काढणीला दोन्हींचे दाणे वेगळे मोजा. मग कोणते बी ठेवायचे ते तुमचे तुम्हीच ठरवाल. बियाण्याबाबत तालुका कृषी कार्यालयात किंवा कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात भाताच्या कापणीआधीच चौकशी करा.

शास्त्रज्ञांनी खोल जाणारे मूळ शोधून दिले. त्याच्यासाठी ओल राखणे आपल्या हाती आहे.