कुमार फुटबॉल : हंगामापूर्वीची तयारी



कोल्हापूरच्या पेठांतील तालमींनी कुस्तीबरोबरच फुटबॉलही जोपासला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या स्पर्धांसाठी शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा प्रेक्षकांची रीघ लागते. या वैभवाचा पाया मात्र कुमार खेळाडूच होत आणि त्यांच्या हंगामाचे काम पंचांच्या पहिल्या शिट्टीपूर्वीच सुरू होते.

मैदानाची डागडुजी, पंचांची नेमणूक, खेळाडूंची नोंदणी ही कामे वेळीच उरकावी लागतात. त्यांत वयाच्या दाखल्यांची छाननी सर्वांत महत्त्वाची. एका विजयाच्या मोहाने मोठ्या वयाच्या मुलास लहान गटात खेळविले, तर दुसऱ्या होतकरू मुलाची जागा हिरावली जाते. शिवाय अंगाने लहान असलेल्यांना दुखापतीचे भय असते. वयचोरीस आळा घालण्यासाठी जागतिक फुटबॉल महासंघानेही २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत मनगटाची एम. आर. आय. तपासणी अवलंबिली.

ही स्पर्धा २०१७ मध्ये भारतात झाली. १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेलेच खेळाडू तीस पात्र होते. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अशी संधी विशिष्ट वयातच लाभते. ती हुकली की पुन्हा येत नाही. म्हणूनच कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी नोंदणीच्या वेळीच दक्ष राहणे, हे मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.