चक्र हाती, रूळ पाण्याखाली



अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड ही करमणूक-नगरी उघडली. तिथला अरण्यातील नौकाविहार पहिल्या दिवसापासूनचा. होडी वळणे घेते, यांत्रिक पाणघोडे डोके वर काढतात, नावाडी चक्र फिरवीत विनोद सांगतो. पण खरी गंमत पाण्याखाली आहे. होडी रुळाच्या आधाराने जाते. तो दिसू नये म्हणून पाण्यात मुद्दाम रंग कालवून ते गढूळ ठेवतात. नावाडी वेग कमीजास्त करील. दिशा त्याच्या हाती नाही.

आपल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्यालाही नौकाविहार आहे. तो जलाशयही माणसानेच केलेला. विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले, आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी उसाच्या मळ्यांत पोहोचले. पण तिथे तळाशी रूळ नाही. नावाडी चुकला तर होडी खरोखरच भरकटते.

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला हे दोन्ही नावाडी ओळखीचे वाटतात. कारखान्यांच्या समित्यांवर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. कित्येकदा चक्र त्यांच्या हाती असते, रूळ मात्र आधीच टाकलेला असतो. आम्हीही तसे चक्र फिरविले आहे, आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. म्हणूनच सांगतो, चक्र हाती घेण्यापूर्वी पाणी निवळू द्या, तळ पाहून घ्या.