परीक्षेनंतरचे नाटक



सरकारी नोकराची एखाद्या गावाशी ओळख बदलीच्या एका हुकुमाने होते आणि दुसऱ्या हुकुमाने ती संपते. मधल्या दोनतीन वर्षांत गावातील एखादी जागा मात्र मनात कायमची बसते. झाशीच्या मुक्कामात माझ्या वाट्याला आलेली अशी जागा म्हणजे इलाइट चौराहा. झाशीचे नाव घेताच श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर किल्ल्याचा तट उभा राहिला असेल, पाठीशी बालकाला बांधून घोड्यावर स्वार झालेली राणी उभी राहिली असेल. आणि मी सांगत आहे एका चौकाची गोष्ट, जेथे रिक्षावाल्यांच्या हाकांपलीकडे कानांवर काही पडत नाही. परंतु स्टेशन, सिपरी बाजार आणि जुने शहर यांच्याकडे जाणाऱ्या वाटा येथे एकमेकींना भेटतात, आणि संध्याकाळी ज्याला कोणाला भेटावयाचे असते तो 'इलाइटवर ये' एवढेच सांगतो. चौकाला हे परदेशी नाव मिळाले ते इलाइट नावाच्या चित्रपटगृहावरून. नाटकाविषयी बोलण्यास मी सिनेमाचे नाव धारण करणारा चौक निवडावा, यात थोडा विनोद आहे खरा. पण तो विनोद माझा नव्हे, काळाचा आहे. तो पुढे येईलच.

झाशीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ज्या गणेशमंदिरात १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर आणि मनकर्णिका यांचा विवाह झाला, ते मंदिर आजही तेथील मराठी माणसांचे जमण्याचे ठिकाण आहे. या लोकांच्या मराठीला बुंदेलीचा गोड हेल आहे. क्रियापद कधी हिंदीच्या वळणाने जाते, पण आरती म्हणताना एक अक्षर चुकत नाही. एका गणेशोत्सवात तेथील कॉलेजच्या मुलामुलींनी 'सौभद्रा'तील दोन प्रवेश आणि सातआठ पदे सादर केली. पेटीवर बसलेला मुलगा मराठी नव्हता. पदांचा अर्थ त्याला कळत होता की नाही कोण जाणे, पण सुरांचा अर्थ त्याला आमच्यापेक्षा अधिक कळत होता. कार्यक्रम रंगला, कौतुक झाले, प्रसाद वाटला गेला.

आठ दिवसांनी त्याच मंडळींनी मला इलाइट चौराह्यावरच्या चहाच्या दुकानात गाठले. नऊदहा जण असतील. सुभद्रेचे काम केलेल्या मुलीने प्रश्न केला, ''काका, आमच्यापैकी सहा जणांची मे महिन्यात शेवटची परीक्षा आहे. त्यानंतर या मंडळीचं काय करायचं?''

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. याचे कारण असे की हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी आम्हांला कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही तो स्वतःस विचारला नव्हता. आम्ही कॉलेजात असताना एक संगीत नाटक बसविले. वर्गणी काढून एक जुनी पायपेटी विकत घेतली. तीन प्रयोग झाले. तिसऱ्या प्रयोगाच्या रात्री पडदा पडल्यावर आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो आणि आपली मंडळी अमर आहे असे एकमुखाने ठरविले. त्यानंतर परीक्षा आली. निकाल लागले, नोकऱ्या लागल्या, लग्ने लागली, आणि अमरत्वाचे काय झाले ते कोणी पाहिले नाही. पायपेटी एका मित्राच्या माळ्यावर राहिली. चार पावसाळ्यांनी तिचा भाता खाऊन टाकला. याहूनही एक गोष्ट मला अधिक बोचते. आमच्या तबलजींची शेवटच्या प्रयोगाची बिदागी द्यावयाची राहून गेली. कोणी बुडविली असे नाही. प्रत्येकास वाटले, दुसऱ्याने दिली असेल. विद्यार्थ्यांची मंडळी मरते ती अशी. भांडण होऊन क्वचितच. बहुधा कोणाच्या ध्यानातही न येता.

आणि तरी मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तर शाळाकॉलेजांच्या ओसरीवर तिची किती रोपे लागली आहेत! मुंबईस १८६० नंतरच्या दशकात एल्फिन्स्टन कॉलेजच्या पारशी विद्यार्थ्यांनी हौसेचा नाट्यक्लब काढला आणि त्यातून पुढे मोठी धंदेवाईक मंडळी उभी राहिली. आपल्या संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावास शिक्षक होते. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील विद्यार्थी. पुढे अण्णासाहेब महसूल खात्यात कारकून झाले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चा प्रयोग झाला तेव्हा ते सरकारी नोकरीतच होते. आम्हां कचेरीतल्या माणसांना हा तपशील फार आवडतो. रजेच्या अर्जावर त्यांनी कारण काय लिहिले असेल, याची कल्पना करण्यात मी पुष्कळ वेळ घालविला आहे.

पण मुलीच्या प्रश्नाचे नेमके उत्तर पुण्यातील एका संस्थेच्या जन्मकथेत आहे. १८९४ साली पुण्यात काही विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स सोशल क्लब' या नावाने एक मंडळ काढले. हेच मंडळ कालांतराने भरत नाट्य संशोधन मंदिर झाले. सदाशिव पेठेतील त्याचे नाट्यगृह पुणेकरांना 'भरत' एवढ्या दोन-तीन अक्षरांत परिचित आहे, आणि संगीत नाटकांचे प्रयोग करण्याची त्याची परंपरा आजही चालू आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे! ज्या विद्यार्थ्यांनी क्लब काढला त्यांची नातवंडेही आता म्हातारी होऊन गेली असतील.

हे कसे घडले? माझ्या मते, पहिली गोष्ट नावात आहे. 'विद्यार्थी' ही माणसाची एक अवस्था आहे. ती ठरलेल्या तारखेस संपते. ज्या मंडळीचे नावच त्या अवस्थेवर बेतलेले असते तिला विद्यार्थिदशा संपलेल्या माणसाला घरात ठेवून घेण्याचा संकोच वाटतो. भरतमुनी मात्र कोणत्याच वर्गात नापास होत नाहीत. नाव बदलले की वकील, शिक्षक, बँकेतला कारकून, त्याची गाणारी बहीण, सारे आत येऊ शकतात, आणि कालचा विद्यार्थी आज विंगेत उभा राहून नव्याला प्रॉम्प्टिंग करू शकतो.

दुसरी गोष्ट पोटाची. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आपण ऐकून आहोत. परंतु नाटक कंपनी म्हणजे एक फिरते बिऱ्हाडच. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे, यांना बारा महिने जेवू घालावे लागे. प्रयोग असो वा नसो, चूल पेटावी लागे. १९३१-३२ च्या सुमारास बोलपट आला आणि ही चूल विझू लागली. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात उभे राहिले. नाटकगृहांचे सिनेमागृहांत रूपांतर झाले, चौकांना सिनेमाची नावे पडली. या पुरात मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या आणि हौशी मंडळे तरली, हे विचित्र दिसते. पण त्यात नवल नाही. हौशी नटाची भाकरी कचेरीत भाजली जात होती. नाटकाकडून त्याला संध्याकाळचे तीन तास हवे होते. नाटकालाही त्याच्याकडून तेवढेच हवे होते.

मी हे सांगत असताना पेटीवाला मुलगा मध्येच म्हणाला, ''सर, यह तो पुराने ज़माने की बात हुई.'' त्याचा आक्षेप योग्य होता. म्हणून मी त्याच भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ रोजी काय घडले ते सांगितले. त्या दिवशी राज्य नाट्यस्पर्धेसाठी विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, भालबा केळकरांची. प्राध्यापक आणि कॉलेजची मुले यांच्या बळावर उभी राहिलेली. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून आलेले. संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. रंगमंचावर पडदा नव्हता. गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची रांगच पडदा होत असे, आणि ती पाठ फिरवी तेव्हा पडदा पडे. असे नाटक दोघाचौघा नामांकित नटांना घेऊन करता येत नाही. रांगेतील शेवटच्या माणसाचा ताल चुकला तर भिंतच खचते.

नाटकावर वादळ उठले. नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची विटंबना केली, असा आरोप झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. या प्रसंगी एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी असे मला म्हणवत नाही. संस्था वडीलधाऱ्यांनी वाढविली होती, तिच्या नावाची काळजी त्यांना होती. मुलांचे म्हणणे, नाटक आम्ही घामाने उभे केले आहे, ते आमच्या हातून कोणी काढून घेऊ नये. घरात वाढलेली मुले एक दिवस वेगळी चूल मांडतात, तसे झाले. १९७३ साली या तरुणांनी 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली आणि १९७४ च्या आरंभी 'घाशीराम' पुन्हा उभे राहिले. १९८० साली ते युरोपात गेले. त्या दौऱ्यासही विरोध झाला, तरी गेले. त्याच संस्थेने १९७४ मध्ये सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' केले. त्याचे संगीत आनंद मोडकांचे, त्यात मेलेला नायक आपल्याच मरणाचे कीर्तन करतो, आणि ते काम करीत चंद्रकांत काळे.

या मंडळींतील आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आळेकर जीवरसायनशास्त्राचे माणूस. इतरही बहुतेक जण कोठे ना कोठे नोकरी करणारे. परीक्षा त्यांच्याही झाल्या, बदल्याही झाल्या असतील. तालमीची वेळ मात्र बदलली नाही. मला वाटते, भांडण झाले हेही त्यांच्या पथ्यावर पडले. स्वतःचे म्हणून काही राखावयाचे आहे ही जाणीव झाल्यावाचून मित्रांच्या टोळक्याची संस्था होत नाही. आमच्या टोळक्याला राखण्यासारखे काही आहे असे कधी वाटलेच नाही, एक पायपेटी सोडून.

झाशीला नाटक नवे नाही, हेही त्या मुलांना सांगणे भाग होते. गंगाधररावांचा नाट्यशौक बुंदेलखंडात अजून सांगितला जातो. पण ते नाटक राजाच्या हौसेचे होते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी राजा वारला, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, आणि त्या रंगशाळेचे नाव कथाकादंबऱ्यांपुरते उरले. झाशीपासून शंभर किलोमीटरांवर ग्वाल्हेर आहे. तेथील आर्टिस्ट्स कंबाईन या हौशी मंडळींच्या संस्थेने मराठी नाटक जिवंत ठेवले आणि स्वतःचे नाट्यमंदिर चालविले. एका राजाची हौस आणि शंभर घरांची वर्गणी यांत अधिक टिकाऊ काय, हे ग्वाल्हेरला जाऊन पाहता येते.

मुलांच्या शंका मात्र याहून व्यवहारी होत्या. तालमीला जागा कोण देणार? निम्मे जण मराठी नसताना मराठी नाटक किती दिवस चालणार? पेटीवाल्याने सुचविले, गद्य हिंदीत करावे आणि पदे मराठीत ठेवावीत. शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते, मराठीच. ते एकदम उसळून म्हणाले, ''अहो, मग ते सौभद्र कसलं? अर्धा लाडू आणि अर्धी जिलबी!'' मुले हसली, आजोबा हसले नाहीत. मला दोघांचेही पटत होते. तेंडुलकरांचे 'घाशीराम' वसंत देवांच्या अनुवादाने हिंदीत गेले आणि गाजले. पण किर्लोस्करांच्या पदाच्या आधीचे गद्य त्या पदाचे बोट धरून आलेले असते, ते तोडावे तर पद पोरके होते. या प्रश्नाचा निकाल त्या संध्याकाळी लागला नाही. आजही तो लागलेला नाही.

मी एवढेच केले की एक जाड वही आणून सुभद्रेच्या हाती दिली. पहिल्या पानावर मंडळीचे नाव लिहिण्याची जागा कोरी ठेवावयास सांगितली, कारण 'छात्र' हा शब्द घालावा की नाही यावर दोन तट पडले होते. दुसऱ्या पानावर गणेशोत्सवाचा जमाखर्च लिहिण्यास सांगितले. खर्चाच्या बाजूला पहिली ओळ तबलजीची असावी, असा मी आग्रह धरला. मुलीने विचारले, ''पहिली का, काका?'' तेव्हा मी तिला माळ्यावरच्या पायपेटीची गोष्ट सांगितली, आणि बिदागीचीही.

माझ्या बदलीचा हुकूम त्या मे महिन्यातच आला. निरोप घेण्यास ती मंडळी इलाइट चौराह्यावर आली होती. सहांपैकी दोघांना झाशीतच काम मिळाले होते, एक भोपाळला निघाला होता, एकीचा निकाल लागावयाचा होता. आजोबा आले होते. त्यांनी आपल्या घराची ओसरी रविवारी तालमीला दिली होती, अट एवढीच की त्या ओसरीवर गद्यही मराठीत झाले पाहिजे. पेटीवाला त्यांच्याकडूनच मराठी शिकत होता. जाताना त्याने मला वही दाखविली. पहिले पान अजून कोरेच होते. दुसऱ्या पानावर तबलजीच्या नावापुढे त्यांची सही होती.