पाण्याची कुदळ



आज आपण खणण्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, खणायचं काय शिकायचं? टिकाव, फावडं आणि पहार तर आपल्या रोजच्या हातातली. खरं आहे. पण आता जमिनीचं पोट पहिल्यासारखं राहिलेलं नाही.

नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या काळात खणला गेला. तो बारामतीकडून इंदापूर तालुक्यात जातो. त्या वेळी जमिनीत काय होतं? वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पुढे 1980 साली भीमेवर उजनी धरण पुरे झाले. नदीचे, कालव्याचे पाणी उचलून नेण्यासाठी लोकांनी लांब लांब पाइप पुरले. मग नळाचे पाइप आले. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा आल्या. आता इंटरनेटची काचेची बारीक तारही जमिनीतून जाते. वरून मात्र काहीच दिसत नाही.

एकदा आमच्या शेजारच्या वस्तीवर चर खणायला यंत्र आणले. यंत्राचा दात खाली गेला आणि पाण्याचे कारंजे उडाले! चार घरांचा पाइप फुटला. दिवस उन्हाळ्याचे. आठ दिवस ऊस वाळत उभा राहिला. भावकीत भांडण झालं ते वेगळंच. यंत्रवाला म्हणाला, "मला काय ठाऊक, खाली पाइप आहे?" त्याचंही खोटं नव्हतं. लोखंडाच्या दाताला डोळे नसतात.

मग जपून खणायचे कसे? त्याला एक उपाय आहे. पाण्याने खणायचे.

हसू नका. दारे धरताना पाट फुटला, तर काय होते? बघता बघता मोठा खड्डा पडतो. पाणी माती कापते आणि वाहून नेते. पण त्या जागी पाइप पुरलेला असेल, तर माती जाते आणि पाइप उघडा पडतो. हीच युक्ती यंत्रात वापरली आहे.

एका ट्रकवर पाण्याची टाकी, जोराचा पंप आणि हवा ओढणारे यंत्र असते. एका नळीतून पाण्याची बारीक, जोरदार धार सुटते. माती मोकळी होते. दुसऱ्या जाड नळीतून तो चिखल ओढला जातो आणि ट्रकवरच्या दुसऱ्या टाकीत पडतो.

याचे फायदे काय? पहिला फायदा, धारेचा जोर बेताचा ठेवला, तर पाइप आणि तारा शाबूत राहतात. दुसरा फायदा, हवा तेवढाच खड्डा पडतो. सगळा रस्ता उकरावा लागत नाही. तिसरा फायदा सर्वांत मोठा. माणूस वर उभा राहून खणतो. त्याला खड्ड्यात उतरावे लागत नाही.

ढासळलेली माती काय करते, हे आपण पाहिले आहे. 2023 च्या ऑगस्ट महिन्यात इंदापूर तालुक्यात म्हसोबाची वाडी येथे विहिरीचे काम चालू होते. कडा ढासळली. चार कामगार गाडले गेले. चारही घरांचा आधार गेला. एवढ्या खोल विहिरीचे काम पाण्याचे यंत्र करीत नाही. पण चर असो की विहीर, मातीवर भरवसा ठेवू नये. पाच फुटांपेक्षा खोल चरात कडेला आधार दिल्याशिवाय उतरू नका. उकरलेली माती काठावर रचू नका.

या यंत्राला मर्यादाही आहेत. कातळ त्याला फुटत नाही. पाणी पुष्कळ लागते. खर्चही जास्त येतो. ती धार माणसाचे कातडेही कापते. म्हणून घरच्या पंपाने असला खेळ करू नये. आणि चिखल कुठे टाकायचा, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात 1850 नंतर लोक सोन्यासाठी पाण्याच्या धारेने डोंगर फोडू लागले. गाळाने नद्या भरल्या, शेते बुजली. शेतकरी कोर्टात गेले. 1884 साली कोर्टाने नदीत गाळ सोडायला बंदी केली.

हे यंत्र उद्याच आपल्या गावात येईल असे नाही. पण जपून खणणे आजच सुरू करता येते. केंद्र सरकारने 2023 साली 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे मोबाइल ॲप सुरू केले. त्याचा अर्थ, खणण्याआधी कळवा. खणणाऱ्याने जागा कळवायची. मग ज्यांचे पाइप आणि तारा तिथे आहेत, त्यांना निरोप जातो.

आणि आपल्या शेतातले पाइप? ते कुठून गेले, हे म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असते. त्यांना आज विचारा. आता तुम्हाला लिहिता येते. पाइप कोणत्या बांधापासून किती पावलांवर आहे, किती हात खोल आहे, ते वहीत लिहून ठेवा. यंत्र आले, की आधी ती वही दाखवा.

खणायला एक दिवस उशीर झाला तरी चालेल. पाइप फुटला तर नवा मिळेल. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.