नफ्याचा आकडा आणि टेरेसची गळती

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या आवारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल प्रथम आपल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. मी आयुष्यभर कॉलेजात अकाउन्टन्सी शिकवली, त्यामुळे समितीने बोलायला सांगितल्यावर विषयही तोच निवडला. कंपन्या आपला नफा कसा मांडतात आणि त्यावर विद्यापीठांतून काय संशोधन झालं आहे, हे आज थोडक्यात सांगणार आहे. आज बहुतेक घरांत कुणाचे ना कुणाचे शेअर असतात, म्युच्युअल फंडाचा हप्ता असतो. शिवाय या संशोधनाचा आपल्या इमारतीशीही संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

पुष्कळांचा समज असा असतो की हिशेब म्हणजे बेरीज-वजाबाकी, एकच बरोबर उत्तर. रोकड मोजण्यापुरतं ते खरं आहे. नफा मात्र मोजता येत नाही, तो ठरवावा लागतो. समजा, बारा लाखांची लिफ्ट घेतली. ती दहा वर्षं टिकेल असं धरलं तर दरवर्षी एक लाख वीस हजार घसारा लागतो. पंधरा वर्षं टिकेल म्हटलं तर ऐंशी हजार. लिफ्ट तीच, वापर तोच, पण वर्षाचा खर्च चाळीस हजारांनी कमी दिसतो. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने आपल्या विमानांचं आयुष्य १९८६ मध्ये दहा वर्षांवरून पंधरा केलं आणि १९९३ मध्ये वीस. यात बेकायदा काही नव्हतं. विमान किती वर्षं उडेल हे आधी कोणालाच नक्की ठाऊक नसतं, अंदाज करावाच लागतो. तसंच बुडीत येण्यांचं. उधारीतले किती पैसे येणार नाहीत, त्यासाठी किती तरतूद करायची, हाही अंदाजच.

ही मोकळीक काढून टाकता येत नाही आणि काढूही नये. धंदा आतून जाणणाऱ्या माणसाने प्रामाणिक अंदाज केला तर आकडा जास्त खरा होतो. प्रश्न एवढाच, की अंदाज करणाऱ्याचा हात कोणत्या बाजूला झुकतो? गेली चाळीसेक वर्षं संशोधक हेच शोधत आहेत.

१९९१ मध्ये जेनिफर जोन्स यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परदेशी मालामुळे आमचा धंदा बुडतो, संरक्षण द्या, असं म्हणत सरकारकडे गेलेल्या अमेरिकन कंपन्या त्यांनी निवडल्या. चौकशी चालू असलेल्या वर्षात या कंपन्यांनी अंदाजाच्या जोरावर नफा कमी करून दाखवल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे आकडा फुगवला जातो असंच नाही. रडगाणं गायचं असेल तेव्हा तो आक्रसतोसुद्धा.

१९९७ मध्ये बर्गस्टालर आणि डिचेव्ह या दोघांनी हजारो अमेरिकन कंपन्यांचे नफे-तोटे एका आलेखावर मांडले. अपेक्षा अशी, की आलेखाची चढ-उतार सावकाश असेल. पण शून्याच्या आसपास ती तुटलेली निघाली. किंचित तोटा दाखवणाऱ्या कंपन्या अपेक्षेपेक्षा फारच कमी, आणि किंचित नफा दाखवणाऱ्या फारच जास्त. आपल्याकडच्या शिक्षकमंडळींना यात नवल वाटणार नाही. पस्तीसला पास असताना चौतीस गुणांचा पेपर किती वेळा बाहेर येतो? तसंच हे. थोडासा तोटा होणार होता अशा कंपन्यांपैकी तीस ते चव्वेचाळीस टक्के कंपन्यांनी आकडा नफ्यात आणला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

यावर वादही झाला. २००५ मध्ये डर्ची आणि ईस्टन यांनी दाखवलं, की कंपन्या निवडण्याच्या आणि आकडे मोजण्याच्या पद्धतीमुळेही आलेखाला असा आकार येऊ शकतो. म्हणून एखाद्या कंपनीने जेमतेम नफा दाखवला की लगेच "चोर" म्हणू नये. पण दुसऱ्यांदा पाहावं जरूर.

मोकळीक आणि लबाडी यांत फरक आहे, हेही सांगायला हवं. सत्यमच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. तो अंदाज नव्हे, ते सरळ खोटं. पण कधी कधी मोकळीकीतूनच लबाडीकडे वाट जाते. अमेरिकेत वेस्ट मॅनेजमेंट नावाची कचरा उचलणारी मोठी कंपनी आहे. तिच्या हिशेबात कचऱ्याच्या गाड्यांचं आयुष्य वाढवलं गेलं, भंगारात विकताना येणारी किंमत आधाराशिवाय वाढवून धरली गेली. दरवर्षी थोडं थोडं. १९९८ मध्ये जुने आकडे दुरुस्त करावे लागले, तेव्हा करपूर्व नफा १.७ अब्ज डॉलरने जास्त दाखवलेला निघाला. २००२ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने कंपनीच्या संस्थापकासह सहा माजी अधिकाऱ्यांवर दावा लावला.

आता ज्या अभ्यासासाठी मी हा विषय निवडला, तो सांगतो. ग्रॅहम, हार्वी आणि शिवराम राजगोपाल या तीन प्राध्यापकांनी चारशेहून अधिक वित्त अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. नफ्याचं ठरलेलं लक्ष्य हुकणार असं दिसलं तर काय कराल? ऐंशी टक्के अधिकारी म्हणाले, संशोधन, जाहिरात आणि देखभाल यांवरचा खर्च कमी करू. पंचावन्न टक्के म्हणाले, थोडं नुकसान सोसूनही नवा प्रकल्प पुढे ढकलू.

यातला देखभाल हा शब्द लक्षात ठेवा. वहीत खाडाखोड नाही, खोटं बिल नाही, ऑडिटरला आक्षेप घ्यायला जागा नाही. यंत्राला तेल घातलं नाही, एवढंच. त्या वर्षी नफा चांगला दिसतो. यंत्र मात्र आतून झिजत असतं, आणि ती झीज नफा-तोटा पत्रकात कुठेच येत नाही.

मंडळी, आता आपल्या इमारतीकडे येऊ. सोसायटीला नफा दाखवायचा नसतो. पण आपल्यालाही एक लाडका आकडा असतो, महिन्याचा मेंटेनन्स. "आमच्या समितीने पाच वर्षांत एक रुपया वाढवला नाही" हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या सभेत टाळ्या घेतं. वाढ खर्च वाचवल्यामुळे टळली असेल तर टाळ्या जरूर वाजवा. पण टेरेसचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, जुने पाइप पुढे ढकलल्यामुळे टळली असेल, तर ती बचत नाही. ते कर्ज आहे, फक्त ताळेबंदात लिहिलेलं नाही.

आदर्श उपविधींत यासाठी तरतूद आहे. रिपेअर फंडासाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के. समजा, पंचवीस वर्षांपूर्वी एका फ्लॅटचा बांधकाम खर्च चार लाख होता. मग किमान दराने सिंकिंग फंड वर्षाला एक हजार, रिपेअर फंड तीन हजार. पंचवीस वर्षांत सिंकिंग फंडात फ्लॅटमागे पंचवीस हजार जमले, वर व्याज. गंमत अशी, की वर्गणी पंचवीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर आणि दुरुस्ती आजच्या दराने! नियमाप्रमाणे सगळं बरोबर, ऑडिटही स्वच्छ, आणि तरी पैसे अपुरे. "किमान" या शब्दाचा अर्थ इथे समजतो. त्याहून जास्त दर ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला, म्हणजे आपल्याला आहे.

यात नुकसान कोणाचं होतं? आज लिफ्ट, टेरेस, पाइप आपण वापरतो. त्याची झीज आपण भरली नाही, तर उद्या जो इथे राहील त्याला ती एकदम भरावी लागेल. कदाचित तो आपलाच मुलगा किंवा मुलगी असेल. किंवा पेन्शनवर जगणारे आपल्यापैकीच कोणी काका-काकू, ज्यांना सत्तरी-पंचाहत्तरीत दोन-तीन लाखांची नोटीस हातात पडेल. दरमहा दोनशे-तीनशे रुपये त्यांना झेपले असते.

म्हणून अहवाल हातात आला की चार प्रश्न विचारा. कंपनीचा असो वा सोसायटीचा, प्रश्न तेच.

पहिला, उत्पन्न लिहिलंय त्यातलं प्रत्यक्ष हातात किती आलं? रिचर्ड स्लोन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की नफ्यातला रोखीचा भाग पुढच्या वर्षी जास्त टिकतो, अंदाजाचा भाग कमी टिकतो. आपल्याकडेही बिल पाठवलं की उत्पन्न धरलं जातं, थकबाकीदाराने भरलं नसलं तरी.

दुसरा, मागच्या वर्षीपेक्षा कोणता अंदाज किंवा पद्धत बदलली, आणि का? याचं उत्तर बहुधा मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपांत असतं.

तिसरा, या वर्षी करायला हवं होतं असं काय केलं नाही? हा प्रश्न कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो, तो तोंडानेच विचारावा लागतो. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्याचा अहवाल हिशेबाच्या शेजारी ठेवून वाचा.

चौथा, हा आकडा चांगला दिसण्यात कोणाचा फायदा आहे? कंपनीत बोनस असेल, शेअरचा भाव असेल. आपल्याकडे बहुतेक वेळा फायदा आपलाच असतो, कारण कमी मेंटेनन्स आपल्यालाच हवा असतो.

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. आपले खजिनदार एक पैसा न घेता हे काम करतात, रात्री जागून व्हाउचर लावतात. पण सभेत फक्त "मेंटेनन्स का वाढवला?" असंच विचारलं जात असेल, तर कोणतीही समिती काम पुढे ढकलायलाच शिकेल. ढकललेल्या कामाबद्दल आपण विचारू लागलो, तर खरा आकडा मांडायचं बळ समितीला मिळेल.

येत्या वार्षिक सभेत पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्त्यांची यादी, प्रत्येकीचा अंदाजे खर्च आणि फंडातली शिल्लक एका पानावर मांडावी, अशी समितीला विनंती आहे. अंदाज चुकतील, चुकू देत. दरवर्षी सुधारता येतात. सुवर्णमहोत्सवाला इथे बसणाऱ्यांना ते पान उपयोगी पडेल.