अर्ध्या अंशाचा प्रश्न : वाहनांच्या दिव्यांचा झोत आणि रात्रीचा रस्ता

(व्याख्यानाचा मजकूर)



रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या उजेडाने डोळे दिपणे, हा अनुभव आता महामार्गापुरता राहिलेला नाही. गावोगाव डांबरी रस्ते पोहोचले, घरोघर दुचाकी आल्या, आणि त्याबरोबर ही तक्रारही गावात आली. तक्रारीचा सूर बहुधा एकच असतो : हल्लीचे दिवे फार प्रखर आहेत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तथापि ते अर्धेच सत्य आहे. दिवा किती तेजस्वी आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्याचा झोत कोठे पडतो याला आहे. हा झोत अर्धा अंश वर गेला, तर समोरच्या चालकाला काही दिसेनासे होते. अर्धा अंश खाली गेला, तर वाहन चालविणाऱ्यालाच पुढचे दिसत नाही. या अर्ध्या अंशाचा विचार येथे करावयाचा आहे.

झोताचा आकार

मोटारीच्या पुढच्या दिव्यांना दोन कामे करावी लागतात. रस्ता मोकळा असताना दूरवर उजेड टाकणे हे पहिले. चालक त्याला ‘अप्पर’ म्हणतात. समोरून वाहन येत असताना उजेड खाली आणि मर्यादित ठेवणे हे दुसरे, तो ‘डिपर’. रोजच्या व्यवहारात डिपरचेच महत्त्व अधिक आहे, आणि दिव्याच्या रचनेतील खरे कौशल्यही तेथेच आहे.

डिपरचा झोत भिंतीवर टाकून पाहिला, तर तो गोल ठिपक्यासारखा दिसत नाही. वर अंधार, खाली उजेड, आणि दोहोंच्या मध्ये एक स्पष्ट सीमारेषा दिसते. ही रेषा उजव्या बाजूला आडवी सपाट असते, तर डावीकडे ती वर चढत जाते. अनेक दिव्यांत हा चढ १५ अंशांचा असतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून उजव्या बाजूने येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांखाली उजेड रोखून धरावयाचा, आणि डाव्या कडेने चालणारा पादचारी, सायकलस्वार, बैलगाडी किंवा दिशाफलक दिसावा एवढा उजेड त्या कडेला वर व दूरवर जाऊ द्यावयाचा, अशी ही योजना आहे. डावी-उजवी बाजू अशी वेगळी वागविणारा झोत युरोपात १९५७ साली प्रचारात आला. भारतातील वाहनांची मानके याच पद्धतीवर आधारलेली आहेत. ज्या देशांत वाहने उजवीकडून चालतात, तेथील दिव्यांचा चढ उजवीकडे असतो. असा दिवा आपल्या रस्त्यावर आणला, तर त्याचा वर गेलेला उजेड नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

ही सीमारेषा कशी निर्माण होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. जुन्या घडणीच्या हॅलोजन दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात. अप्परचा तंतू अंतर्गोल परावर्तकाच्या केंद्राजवळ असतो, म्हणून त्याचा उजेड सरळ पुढे जातो. डिपरचा तंतू केंद्राच्या किंचित पुढे असतो आणि त्याच्या खाली धातूची छोटीशी वाटी असते. या वाटीमुळे तंतूचा उजेड परावर्तकाच्या खालच्या भागावर पडतच नाही. तो केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून खाली वळतो. वाटीची एक कड तिरपी असते. झोताचा एका बाजूचा चढ त्या तिरप्या कडेतून येतो.

एके काळी आपल्याकडे दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने झाकण्याची पद्धत होती. हेतू चांगला होता. परंतु वरील रचना पाहता असे ध्यानात येते की, डिपरचा उपयुक्त उजेड परावर्तकाच्या वरच्या भागातूनच येतो. काळ्या पट्ट्याने अडतो तो प्रामुख्याने हाच उजेड. दिव्याची दिशा चुकलेली असेल, तर ती चूक रंगाच्या पट्ट्याने दुरुस्त होत नाही.

गणित साधे आहे

झोताचा उतार टक्क्यांत मोजतात. १ टक्का उतार म्हणजे दर १० मीटर अंतराला झोत १० सेंटिमीटर खाली येणे. अंशांत हे माप अर्ध्या अंशाहून किंचित अधिक भरते. दिवा जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर १ टक्का उताराचा झोत ५० मीटरवर जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच असतो आणि ७५ मीटरवर जमिनीला टेकतो. समोरच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत तो पोहोचत नाही.

आता याच मोटारीत मागच्या आसनावर तीन माणसे बसली आणि डिकीत दोन पोती टाकली, असे समजू. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आहे आणि ओझ्याने मागची बाजू ५ सेंटिमीटर खाली बसली आहे. एवढ्याने गाडीचा पुढचा भाग २ टक्क्यांनी वर रोखला जातो. जो झोत १ टक्का खाली होता, तो आता १ टक्का वर झाला. ५० मीटरवर जो उजेड गुडघ्याखाली पडत होता, तो आता सव्वा मीटर उंचीपर्यंत पोहोचला. छोट्या मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. चालकाने कोणताही नियम मोडलेला नाही. त्याने डिपर दिलेला आहे. तरीही समोरच्याला तो अप्परच वाटतो. ‘एवढे दिवे खाली करूनही लोक आपल्यालाच का डिपर मारतात,’ असा प्रश्न ज्या चालकाला पडतो, त्याचे उत्तर पुष्कळदा या ५ सेंटिमीटरमध्ये असते.

दुचाकीच्या बाबतीत हा परिणाम अधिक तीव्र आहे, कारण तिच्या दोन चाकांतील अंतर मोटारीच्या जवळजवळ निम्मेच असते. मागे एक माणूस आणि त्याच्या मांडीवर धान्याचे पोते एवढे ओझे झोत वर उचलण्यास पुरेसे होते. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो. दुचाकी लांबून दिसावी हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे; परंतु सतत पेटणारा दिवा योग्य दिशेला असणे त्यामुळे अधिकच अगत्याचे झाले आहे.

उलट बाजूही विसरून चालणार नाही. दुसऱ्याला त्रास नको म्हणून झोत वाटेल तितका खाली करणे हा उपाय नव्हे. वरील मोटारीचाच झोत २ टक्के खाली केला, तर तो साडेसदतीस मीटरवरच जमिनीला टेकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबावयास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण ५० मीटरांहून अधिक. ज्याला ३७ मीटरच दिसते आणि थांबण्यास ५० मीटर लागतात, तो चालक अंधारात उडी घेत असतो. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे वेगळ्या अर्थाने खरी ठरते.

डोळ्यांचे काय होते?

अंधारात माणसाच्या डोळ्यांची बाहुली विस्फारते आणि डोळ्यांतील प्रकाशसंवेदी द्रव्य हळूहळू साठत जाते. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. दिपण्यास क्षणही पुरतो. झोत निघून गेल्यावरही काही सेकंद समोरचे स्पष्ट दिसत नाही. ती तीनच सेकंदे धरली, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने ५० मीटर रस्ता न पाहता तोडला जातो. वय वाढते तसा डोळ्यांतील भिंगात उजेड अधिक विखुरतो, आणि मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला हा त्रास विशेष जाणवतो.

त्या ५० मीटरांत रस्त्याच्या कडेला कोण असते, हा या विषयाचा गाभा आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. शिकवणीहून परतणारी मुले सायकलवर असतात. पहाटे दूध घेऊन निघालेला शेतकरी असतो. यांपैकी बहुतेकांजवळ दिवा नसतो. त्यांचे प्राण दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून असतात. गाडीमागे लावलेला लाल परावर्तक स्वतः उजेड देत नाही. आलेला उजेड तो आल्या दिशेने परत पाठवितो. झोत त्याच्यावर पडलाच नाही, किंवा पाहणाऱ्याचे डोळे आधीच दिपलेले असले, तर परावर्तक असून नसल्यासारखा होतो.

दिशा बिघडते कशी?

ओझ्याखेरीज आणखी काही कारणे आहेत. खड्ड्यांच्या धक्क्यांनी दिव्याचे स्क्रू ढिले होतात. किरकोळ अपघातानंतर बंपर व दिवा बदलला जातो, पण झोत जुळविला जात नाही. मागच्या स्प्रिंगा दबतात, टायरमधील हवा कमी होते. काचेवर चिखल बसला किंवा ती पिवळी पडून धुरकट झाली, म्हणजे उजेड सर्व दिशांना विखुरतो आणि सीमारेषाच पुसली जाते.

अलीकडे यात एका कारणाची भर पडली आहे. हॅलोजन बल्बसाठी घडविलेल्या दिव्यात बाजारातून आणलेला एलईडी बल्ब बसविण्याची प्रथा वाढली आहे. परावर्तकाची घडण तंतूच्या नेमक्या जागेसाठी केलेली असते. एलईडीचा प्रकाश तंतूतून नव्हे, तर चपट्या पृष्ठभागातून निघतो. तो काही मिलिमीटर सरकला, तरी झोताचा आकार बिघडतो. मग उजेड पुष्कळ दिसतो, परंतु तो हवा तेथे पडत नाही. कारखान्यातूनच एलईडी दिव्यासह आलेल्या वाहनाची गोष्ट वेगळी. त्याची सारी रचना त्या प्रकाशासाठीच केलेली असते.

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस नांगरणीच्या कामासाठी असलेला पांढरा दिवा शेतात आवश्यक आहे. रस्त्यावर तो चालू राहिला, तर मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर समोरून येत आहे असा भास होतो, आणि त्याचे डोळेही दिपतात.

तपासणीसाठी एक भिंत पुरे

वाहनाच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपवू नये, यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत तरतूद आहे. व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र देताना दिव्यांचीही तपासणी होते. खाजगी मोटारीची व दुचाकीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते. तेवढ्या काळात तिच्या झोताकडे कोणीतरी पाहिलेच पाहिजे, असा प्रसंग सहसा येत नाही. ही उणीव गावपातळीवर भरून काढता येण्यासारखी आहे, कारण प्राथमिक तपासणीला यंत्र लागत नाही.

सपाट जमीन आणि तिच्यासमोर उभी, सरळ भिंत हवी. टायरमध्ये योग्य हवा भरून, काचा पुसून, चालकाला आसनावर बसवून वाहन भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभे करावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी. तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. दोन्ही दिव्यांच्या मध्यांसमोर उभ्या रेघा काढाव्यात. संध्याकाळी डिपर लावून एक दिवा कापडाने झाकावा व दुसऱ्याचा झोत पाहावा. उजेड-अंधाराची सपाट सीमारेषा खालच्या रेघेवर आली पाहिजे, आणि डावीकडचा चढ उभ्या रेघेपाशी सुरू झाला पाहिजे. अनेक मोटारींत दिव्याजवळ अथवा माहितीपुस्तिकेत उताराचे प्रमाण दिलेले असते. ते वेगळे असेल, तर तेच प्रमाण मानावे. फरक आढळल्यास दिव्यामागील स्क्रू फिरवून तो दूर करता येतो. हे काम जाणकार कारागिराकडून करून घेणे इष्ट.

पुष्कळ मोटारींत सुकाणूजवळ ० ते ३ आकड्यांची एक छोटी कळ असते. मागे ओझे असेल तेव्हा झोत खाली घेण्यासाठीच ती दिलेली आहे. आकडा वाढविला की झोत उतरतो. ती कळ कशासाठी आहे, हे ठाऊक नसलेले चालक थोडे नाहीत.

ग्रामपंचायतीने गावातील एका भिंतीवर या रेघा कायमच्या रंगवून घेतल्या, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना वर्षातून दोन संध्याकाळी बोलाविले, आणि ऊस वाहतूक सुरू होण्यापूर्वी गावातील वाहने त्या भिंतीसमोर उभी केली, तर होणारा खर्च नगण्य आहे. शाळेतील शिक्षकांना याच भिंतीवर समरूप त्रिकोण व शेकडेवारी शिकविता येईल. घरी परतलेला विद्यार्थी वडिलांच्या मोटारसायकलचा झोत स्वतः मोजून पाहील. शासकीय वाहनांपासून या तपासणीचा आरंभ झाला, तर इतरांना सांगण्याचा अधिकारही प्राप्त होईल.

रस्त्यावरील सर्वच अपघात दिव्यांमुळे होत नाहीत. वेग, मद्यपान, खड्डे, थकवा ही कारणे आहेतच. परंतु त्यांपैकी पुष्कळ कारणे दूर करण्यास मोठा खर्च किंवा दीर्घ काळ लागतो. दिव्याचा झोत जुळविण्यास एक भिंत, खडूच्या चार रेघा आणि अर्धा तास लागतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी तेवढा वेळ काढणे प्रत्येक गावाला शक्य आहे.