जागरणाचा हिशेब

१९९० च्या सुमाराला इचलकरंजीत आम्ही दोघे भाऊ एकाच कारखान्यात मागावर रात्रपाळी करत होतो. पहाटे तीनला मला कवितेच्या ओळी सुचत. धाकटा मात्र उभ्या उभ्या पेंगायचा. रमजानमध्ये तर सहरीचा घास हातात तसाच राहायचा. तार तुटलेली त्याला दिसायची नाही, कापड खराब व्हायचं. शेवटी मालकानं त्याला काढलं. त्या दिवशी मीही अब्बांसमोर म्हणालो, "आळशीच आहे तो." तो काही बोलला नाही.

पुढे उंदरांच्या झोपेवरचं संशोधन वाचनात आलं आणि माझं ते वाक्य मलाच टोचू लागलं. प्रयोगशाळेत भावाबहिणींचा संकर वीसवीस पिढ्या करून उंदरांचे शुद्ध वाण तयार करतात. एका वाणाचे सगळे उंदीर म्हणजे जणू जुळी भावंडं. उंदीर दिवसा झोपतो, म्हणून सकाळपासून सहा तास त्याला जागं ठेवायचं. मारझोड नाही, पिंजऱ्यात नवी वस्तू टाकायची, डुलकी लागली की हलकेच ढोसायचं. मग झोपू द्यायचं आणि मेंदूतल्या संथ लहरी मोजायच्या. जागरण जितकं अंगावर आलेलं, तितक्या त्या लहरी जोरकस. पॉल फ्रांकेन आणि मेहदी ताफ्ती यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं, की जागरण तेवढंच असलं तरी झोपेचं कर्ज साठण्याचा वेग वाणागणिक वेगळा असतो. 'एकेआर' वाणाचं कर्ज भराभर चढतं, 'डीबीए'चं सावकाश. उंदराच्या आळसाचा इथं प्रश्नच येत नाही!

२००५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात किआरा चिरेल्ली आणि सहकाऱ्यांना फळमाशीचा एक वाण सापडला. त्या माश्या नेहमीच्या झोपेच्या जेमतेम तिसरा हिस्सा झोपत, आणि जागरणानंतरही त्यांचं काम बिघडत नसे. कारण एका जनुकातला छोटासा बदल. पण त्या माश्यांचं आयुष्य मात्र कमी भरलं. हे वाचून, खरं सांगतो, मी जरा चरकलो. माशीचा नियम माणसाला लागू होतोच असं नाही. तरी रात्री जागण्याची माझी ऐट तेव्हापासून कमी झाली.

माणसांतही हा फरक असतो, आणि ज्याचा त्याच्यात तो टिकून राहतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. सख्खे भाऊ तर उंदरांइतके एकसारखे नसतातच.

गेल्या ईदला धाकट्याला हे सगळं सांगितलं, माफीही मागितली. तो हसला. म्हणाला, "भाई, त्या उंदरांना कुणी कामावरून काढलं नाही ना?" आणि शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून तिथंच भिंतीला टेकून झोपला.